तक्रारींचे पान

देश-विदेशच्या घडामोडींनी भरलेले पहिले पान वाचून झाल्यावर आणि क्रीडेच्या पानाकडे वळण्यापूर्वी बहुतेक वाचक जे पान उभ्या उभ्या चाळून पुढे जातात, त्या जिल्हा-वार्तांच्या पानावर कोल्हापुरात रोज काय छापून येते याची कोणी वर्षभर टिपणे ठेवली, तर त्याच्या हाती साऱ्या रयतेची एक विस्तृत कैफियतच येईल. अमुक पेठेत चार दिवस नळाला पाणी नाही, अमुक बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडला, ऊसतोडणीच्या मुकादमाने लाखांची उचल घेऊन पुन्हा तोंड दाखविले नाही, कचऱ्याच्या ढिगाला पुन्हा आग लागली, नदीकाठी विद्युत पंप काढण्याची लगबग सुरू झाली, अशा त्या नोंदी असतात. सामान्य वाचक त्या वाचून हळहळतो, चिडतो किंवा पालिकेला दोष देऊन मोकळा होतो. आणि त्यात गैर काही नाही, कारण नागरिक म्हणून त्याला तो अधिकार आहेच. परंतु ज्याला आपल्या गावात राहून, आपल्या माणसांच्या उपयोगी पडून स्वतःचा चरितार्थ चालवावयाचा आहे, त्या तरुणाने हे पान निराळ्या रीतीने वाचावे, असे मला मनापासून वाटते.

ही रीत म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. महसूल खात्यातील जुना कारकून जशी आवक नोंदवहीत प्रत्येक अर्जाची तारीख, गाव, अर्जदार व विषय टिपून ठेवी, तशी प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवावी, आणि तीत एक रकाना विशेष महत्त्वाचा मानावा: हीच बातमी गतवर्षी आली होती काय, आणि त्यापूर्वीच्या वर्षी? एकदाच ओढवलेली आपत्ती हा शासनाच्या व समाजाच्या साहाय्याचा विषय होय. पण दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच गावांच्या नावांनिशी, जवळजवळ त्याच शब्दांत छापली जाणारी तक्रार हा उद्योगाचा विषय होऊ शकतो, कारण तिच्यात मागणीचे सातत्य असते, आणि सातत्यावाचून भांडवल उभे राहत नाही.

कोल्हापूरचा औद्योगिक इतिहास या दृष्टीने पाहिला तर तो तक्रारींना मिळालेल्या उत्तरांचा इतिहास आहे. संस्थानात पिकणाऱ्या गुळाला हक्काची घरची बाजारपेठ नाही, ही उणीव ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसविली. पुढे लगेच, 1896-97 च्या दुष्काळाने, पाण्यावाचून रयतेची काय दशा होते ते दाखवून दिले, आणि त्या अनुभवातून झालेल्या विचाराचे फळ म्हणजे 1908 मध्ये सुरू झालेले राधानगरी धरणाचे काम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलायती इंजिनांचे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि नदीवरून शेतात पाणी चढविणारी व गुऱ्हाळाचे चरक फिरविणारी इंजिने बंद पडण्याची पाळी आली, तेव्हा येथील मेस्त्री लोकांनी ते भाग स्वतः ओतून, घासून, बसवून दाखविले. दुरुस्तीतून निर्मितीकडे झालेल्या या प्रवासाने शहरातील उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील कारखानदारीला बळ दिले. ग. गो. जाधवांचे ‘पुढारी’ दैनिक ज्या 1939 साली सुरू झाले, त्याच वर्षी तात्यासाहेब मोहित्यांच्या पुढाकाराने शेतकरी सहकारी संघही स्थापन झाला. गाऱ्हाणे मांडणारे पत्र आणि गाऱ्हाण्याचा परिहार शोधणारी संस्था एकाच वर्षी एकाच नगरात जन्मास यावी, हा योगायोग असला तरी मला तो अर्थपूर्ण वाटतो.

दुधाची कथा यांपेक्षा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. घरटी एक-दोन म्हशी बाळगणाऱ्या शेतकऱ्याकडे विकावयास सकाळ-संध्याकाळ मिळून चार-सहा लिटर दूध असावयाचे. एवढ्याशा दुधासाठी तो शहरात जाऊ शकत नव्हता, ते उद्यापर्यंत राखून ठेवू शकत नव्हता, आणि म्हणून दारात येणारा व्यापारी जे माप लावील आणि जो दर देईल तो त्याला मुकाट्याने स्वीकारावा लागे. दूधधंद्याचे सारे गाऱ्हाणे माप, दर आणि पैसे हातात पडण्याची तारीख या त्रयीत सामावलेले होते. आनंदराव पाटील-चुयेकर यांचे नाव ज्याच्याशी कायमचे जोडले गेले, तो कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, 1963 साली स्थापन झाला. गावोगावच्या संस्थांनी त्या तीनही गोष्टींना ठाम उत्तर दिले: दूध सर्वांसमक्ष मोजले जाईल, दर स्निग्धांशावर ठरेल, आणि दर दहा दिवसांनी बिल मिळेल. ज्या घरात ऊसबिलाची वाट वर्षभर पाहावी लागते, त्या घरातील गृहिणीला दहा दिवसांनी हमखास येणाऱ्या पैशाचे मोल काय असते, हे ज्याने ग्रामीण संसार जवळून पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. माझ्या मते या संघाचे खरे संशोधन कोणत्याही यंत्रात नसून या दहा दिवसांच्या वायद्यात आहे.

मात्र वृत्तपत्रातील बातमी ही घटनेची खबर देते, कारणाची देतेच असे नाही. म्हणून कात्रण हाती घेऊन जागेवर गेल्यावाचून कोणताही निर्णय करू नये. ऊसतोडणीचेच उदाहरण घ्यावे. मुकादमाने फसविल्याच्या फिर्यादी हंगामागून हंगाम छापून येतात. ट्रॅक्टर-मालक कर्ज काढून परजिल्ह्यातील मुकादमाला उचल देतो, टोळी येत नाही, आणि हप्ते मात्र चुकत नाहीत. बातमी वाचून वाटते की प्रश्न फसवणुकीचा आहे व उपाय पोलीस ठाण्यात आहे. परंतु फडावर जाऊन पाहिले म्हणजे ध्यानात येते की, थोड्या महिन्यांच्या गाळप हंगामात सर्वांनाच एकाच वेळी मजूर हवे असतात, तोडणीचे कष्ट असह्य असल्याने मजुरांची पुढची पिढी कोयता हातात घेण्यास राजी नाही, आणि या टंचाईमुळेच मुकादमापुढे पैसे ठेवणाऱ्यांची रांग लागते. मग यंत्राने तोडणी का होत नाही, असे विचारले, तर उत्तर पुन्हा कागदावर नसते, ते सरीत असते. मोठ्या तोडणी यंत्राला दोन ओळींत साडेचार-पाच फुटांचे अंतर लागते, आणि आमच्याकडे गुंठ्यांत मोजण्याजोग्या तुकड्यांत तीन-साडेतीन फुटांवर सऱ्या पाडलेल्या असतात. यंत्र वळावे कोठे आणि चालावे कसे? तेव्हा येथे उद्योगाची संधी यंत्र विकत आणून दारात उभे करण्यात नाही. लागणीच्याच वेळी लगतच्या दहा-वीस शेतकऱ्यांना एकत्र करून, एका मापाच्या सऱ्या पाडून, त्यांच्या सलग क्षेत्राची तोडणी अंगावर घेण्यात ती आहे. ही गोष्ट बातमीत कधीच छापून येणार नाही. ती बांधावर कळते.

हेच दूरदेशीही दिसून आले. बांगलादेशातील 1974 च्या दुष्काळाच्या वार्ता साऱ्या जगाने वाचल्या. पण चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविणारे मुहम्मद युनूस विद्यापीठाशेजारच्या जोब्रा गावात जाऊन बांबूची स्टुले विणणाऱ्या स्त्रियांशी बोलले, तेव्हा त्यांना दिसले की या कष्टाळू माणसांचे अडले आहे ते कच्चा माल घेण्यापुरत्या क्षुल्लक रकमेवाचून. बेचाळीस माणसांना मिळून अवघे 27 डॉलर पुरले, आणि त्या 1976 च्या प्रयोगातून पुढे ग्रामीण बँक उभी राहिली. दुष्काळाच्या बातमीत 27 डॉलरांचा उल्लेख कोठेही नव्हता.

यानंतरचा प्रश्न अधिक कठीण, आणि ज्यावर अनेक सद्भावी प्रयत्न कोसळतात तो: या दुःखाचे मोल आज कोण चुकते करीत आहे, आणि त्याच्या निवारणाचे मोल उद्या कोण देईल? पंचगंगेच्या पात्रात, विशेषतः इचलकरंजी व शिरोळकडील बंधाऱ्यांच्या तुंबलेल्या पाण्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी केंदाळाचा हिरवा गालिचा पसरतो, आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत नेमाने येतात. ते पाहून एखाद्या उत्साही तरुणाच्या मनात येते की ही फुकटची वनस्पती आहे, हिच्या टोपल्या विणाव्या, खत करावे, वायू काढावा. कल्पना वाईट नाही, आणि अन्यत्र अशी कामे होतातही. परंतु केंदाळाच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणी असते, म्हणजे दहा टन माल पात्रातून ओढून ट्रॉलीत भरला तरी वाळल्यावर हाती एक टनही उरत नाही. आणि ओढण्याची व वाहण्याची मजुरी तर ओल्या वजनावर द्यावी लागते. शिवाय ज्यांना या नदीचे पाणी प्यावे लागते त्यांना टोपली नको आहे, स्वच्छ पाणी हवे आहे. 2012 साली इचलकरंजीत काविळीच्या साथीने माणसे दगावली, तेव्हा ही निकड किती गंभीर आहे ते दिसून आले. केंदाळ माजते ते सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर, आणि सांडपाणी सोडणाऱ्याला जोवर त्याची किंमत मोजावी लागत नाही, तोवर नदी स्वच्छ करणाऱ्याला ग्राहकच नाही. या कामात खरे गिऱ्हाईक म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषदा, ग्रामपंचायती आणि सांडपाणी शुद्ध करणे ज्यांना कायद्याने बंधनकारक आहे ते कारखाने. तेव्हा निविदा भरण्याचे, अनामत गुंतविण्याचे आणि देयक मंजूर होईपर्यंत कित्येक महिने तग धरण्याचे बळ ज्याच्या अंगी नाही, त्याने या क्षेत्रात भागीदारावाचून उतरू नये. जेथे सोसणारा एक, दोषी दुसरा आणि पैसे देणारा तिसरा असतो, तेथे कायद्याची अंमलबजावणी आधी व्हावी लागते. उद्योग तिच्यामागून येतो. हे स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण सार्वजनिक कर्तव्याची जागा खाजगी उत्साहाने भरून निघेल अशी आशा लावून तरुणांची उमेद खर्ची घालणे अन्यायाचे आहे.

याच्या अगदी उलट, सोसणारा आणि पैसे देणारा जेथे एकच माणूस आहे, अशी एक नित्याची बातमी म्हणजे नदीकाठच्या पंपांची. पावसाळा लागला की पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फूट-इंचांत रोज छापून येते. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आकडे येथील शाळकरी मुलालाही पाठ असतात. ही पातळी चढू लागण्याच्या सुमारास भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी आणि पंचगंगा यांच्या काठचे शेतकरी आपापल्या मोटारी काढून उंचवट्यावर नेऊ लागतात. वळवाचा पाऊस वेळेआधी कोसळला, आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे पाणी अडविणारे बरगे निघण्यापूर्वीच पाणी फुगले, तर मोटारी जागच्या जागी बुडतात. कधी घाईत, अंधारात, चिखलात मोटार सोडवू पाहणारा शेतकरी विजेच्या धक्क्याने किंवा प्रवाहात सापडून प्राणास मुकतो. ही बातमी चार ओळींची असते, आणि त्या चार ओळींमागे एक कुटुंब उघडे पडलेले असते.

बुडालेली मोटार म्हणजे काय, हे रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन पाहावे. आत गाळ शिरलेला, बेअरिंग गंजलेले, तांब्याच्या तारांवरचे वार्निश सुटलेले. मोटार उघडून स्वच्छ पाण्याने धुवावी लागते, भट्टीत सुकवावी लागते, मेगर लावून तारांचे रोधन तपासावे लागते, आणि रोधन गेलेले असेल तर सारे वेढे काढून नवे भरावे लागतात. पूर ओसरताच सर्वांच्या मोटारी एकाच आठवड्यात दुकानात येऊन पडतात. ज्याचा क्रमांक शेवटी लागतो त्याच्या उसाला, पावसाने उघडीप दिली की, पाणी मिळत नाही. या हानीचा खर्च शेतकरी स्वतः सोसतो. म्हणजेच दरवर्षीची आवृत्ती आहे, हंगाम ठाऊक आहे, गावांची नावे ठाऊक आहेत, आणि खर्च करणाऱ्याला आपला खर्च किती होतो तेही ठाऊक आहे.

आता एखाद्या आयटीआय झालेल्या वीजतंत्र्याने दोन-तीन साथीदार घेऊन, एक टेम्पो, दोन लोखंडी तिपाया, चेनपुल्या आणि दोरखंड एवढ्या साहित्यावर वार्षिक कराराचे काम अंगावर घेतले, तर ते कसे चालेल? मे महिन्यातच प्रत्येक मोटारीची नोंद, अश्वशक्ती, मालकाचे नाव आणि जागेची खूण वहीत असावी. धरणक्षेत्रातील पाऊस व नदीची पातळी यांवर नजर ठेवून, इशारा पातळीच्या पुष्कळ आधी, दिवसाउजेडी, महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री करूनच मोटारी उचलाव्या. साठवणीची जागा जलसंपदा विभागाने आखलेल्या लाल पूररेषेच्या बाहेर असावी. ती भाड्याने घेताना घरमालकाच्या तोंडी शब्दावर न राहता नकाशा पाहावा. मोटारी पावसाळाभर पडूनच राहावयाच्या असल्याने त्याच अवधीत बेअरिंग, ग्रीस, वार्निश, फूटव्हॉल्व्ह व स्टार्टर यांची दुरुस्ती सवडीने होते, दुकानातील गर्दी टळते, आणि पूर ओसरून काठ सुकताच मोटार पुन्हा जागेवर बसते. वर्गणी हंगामापूर्वी घ्यावी, आणि ती एका बुडालेल्या मोटारीच्या दुरुस्तीपेक्षा नजरेत भरण्याइतकी कमी असावी. तसेच आपल्या हयगयीने मोटार बुडाल्यास भरपाई कोणी व किती द्यावयाची हे करारनाम्यात स्वच्छ लिहिलेले असावे. अशा धंद्यात संपत्तीचे डोंगर उभे राहणार नाहीत, पण चार घरे सन्मानाने चालतील आणि काही जीव वाचतील. माझ्या लेखी हा उद्योग कोणत्याही दिखाऊ उपक्रमाहून थोर आहे.

महापुराच्या बातम्यांतून जन्मणाऱ्या सर्वच कल्पना मात्र अशा निर्मळ नसतात. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावरील पातळी 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पाणी येऊन पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, दूधसंकलन थांबले, आणि पेट्रोल व स्वयंपाकाचा वायू यांच्यासाठी लोकांची त्रेधा उडाली. अशा वेळी टंचाईच्या जिनसांचा भाव चढविणारा माणूसही बातमीतून संधीच हेरीत असतो. परंतु तो पूर ओसरेपर्यंतचाच व्यापारी असतो, आणि गाव त्याचे नाव विसरत नाही. समस्येतून उद्योग शोधणाऱ्याने ही मर्यादा स्वतःला घालून घ्यावी की, ज्या दिवशी माणूस सर्वाधिक अगतिक असतो त्या दिवशी त्याच्याकडून अधिक पैसे घेण्यावर आपला हिशेब कधीही आधारू नये. संकटाच्या आधी सेवा द्यावी आणि संकटाच्या आधीच तिचे मोल ठरवावे.

इतके सारे जुळून आले तरी एक अडचण उरते, आणि ती फार जुनी आहे. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लाकडी नांगराने जमीन खोल उलटत नाही हे शेतकऱ्यांचे दुखणे सर्वश्रुत होते; तरीही लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे नांगर दोन वर्षे पडून राहिले. गरज होती, वस्तू चांगली होती, विश्वास मात्र नव्हता. तो नांगर शेतात चालवून दाखविल्यावर हळूहळू आला, आणि 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली ती या विश्वासाच्या बळावर.

खुद्द कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलाची हकिकत याहून हृदयस्पर्शी आहे. राजवाड्याच्या पागेत चाकरीला असताना पाण्याच्या हौदाला स्पर्श केला म्हणून त्यांना अमानुष मार खावा लागला. शाहू महाराजांना हे कळल्यावर त्यांनी अपराध्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य दिले. हॉटेल उघडले, भांडी लखलखीत, चहा उत्तम. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास स्पृश्यांपैकी कोणी पायरी चढेना. तेव्हा महाराजांची गाडी त्या दुकानाशी थांबू लागली, महाराज तेथला चहा मागवून घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो पाजू लागले. विषमतेचा प्रश्न एका हॉटेलाने मिटणारा नव्हता, आणि महाराजांचाही तसा समज नव्हता. त्यासाठी त्यांनी वटहुकूम काढले, वसतिगृहे बांधली, नोकऱ्यांत राखीव जागा ठेवल्या. परंतु धंद्याला लागणारे पहिले गिऱ्हाईक, ज्याच्याकडे पाहून दुसरे दहा येतात, ते मिळवून देण्याची जबाबदारी त्यांनी स्वतः पत्करली.

पंपांचा करार घेऊन गावात जाणाऱ्या त्या वीजतंत्र्यालाही असाच कोणी आधी शोधावा लागेल. आमच्या जिल्ह्यात तो बहुधा सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या रूपाने भेटेल. संस्थेची स्वतःची मोठी मोटार नदीकाठीच असते आणि तिच्यावर अनेक सभासदांची शेती अवलंबून असते. ती एक मोटार पहिल्या वर्षी नाममात्र मोबदल्यात काढून, दुरुस्त करून, वेळेवर बसवून द्यावी, आणि संस्थेच्या वार्षिक सभेत सभासदांसमोर तिचा हिशेब वाचावयास परवानगी मागावी.